साठ आणि पंच्याहत्तरच्या मधलं अंतर

मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले’ उघडलंत की खाली कुठेतरी एक आकडा सापडतो. ६०, ९० किंवा १२०. फोन विकताना दुकानदार तो मेगापिक्सेलइतक्याच जोरात सांगतो. पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो, त्याचा हा हिशोब. नाव रिफ्रेश रेट, एकक हर्ट्‌झ. फोन १२० वर जाऊन पोचले तरी टेबलावरचे मॉनिटर मात्र बँकेत, शाळेत, घरात अजून मोठ्या संख्येने ६० वरच आहेत. खोक्यावर ६० छापलेलं असतं आणि आपण ते ‘पाणी १०० अंशाला उकळतं’ याच्याइतकं पक्कं समजतो.

पण जगभर काही उपद्व्यापी लोक ६० च्या मॉनिटरला मुद्दाम ७५ चा सिग्नल देऊन बघतात. झेपला तर झेपला. याला ते ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. वरवर हा गेम खेळणाऱ्या पोरांचा नाद वाटतो. मी मिरजेचा आहे, आणि माझ्या गावात ‘ही वस्तू सेकंदाला किती वेळा थरथरू शकते आणि तिला अजून किती ताणता येईल’ हा प्रश्न वीज येण्याच्या आधीपासून लोकांच्या पोटापाण्याचा आहे. त्यामुळे मला या नादाची गोष्ट गेमपासून सुरू होते असं वाटत नाही.

आधी हा ६० आला कुठून ते बघू.

तो विजेच्या तारेतून आला. १८९० च्या दशकात अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीने आपल्या प्रत्यावर्ती विजेसाठी सेकंदाला ६० आवर्तनं पसंत केली आणि जर्मनीत एईजीने ५० धरली. दोन्ही आकडे चालण्यासारखे होते. ज्याने ज्या देशात आधी जनित्रं बसवली त्याचा आकडा त्या देशाला चिकटला. पुढे अमेरिकेत टेलिव्हिजन आला तेव्हा पडद्याचा वेगही विजेच्या ६० शी जुळवून घेतला, कारण तो वेगळा ठेवला तर विजेची गुणगुण चित्रात शिरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वरखाली सरकत राहायच्या. आकडा जुळला की पट्टी निदान एका जागी उभी राहायची.

आपल्याकडे ५०. साताऱ्याच्या कोयनेचं पाणी पोफळीच्या जनित्रांवर पडतं तेव्हा ती जनित्रं ठरल्या गतीनेच फिरावी लागतात, म्हणजे मिरजेतल्या प्लगमध्ये ५० आवर्तनं येतात. साहजिकच आपल्या दूरदर्शननेही ५० ची पद्धत घेतली. १९८२ मध्ये रंग आला तो पाल पद्धतीचा: ६२५ रेषा, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ पूर्ण.

मग मिरजेतल्या टेबलावर ६० कसा आला? तो खोक्यात बसून आला. गंमत म्हणजे १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी निघाला तेव्हा त्याचा साधा हिरव्या अक्षरांचा पडदा ५० वरच चालायचा. त्यातलं फॉस्फर मुद्दाम मंद ठेवलं होतं, अक्षर उशिरा विझायचं, म्हणून लुकलुक जाणवायची नाही. त्याच पीसीचं रंगीत कार्ड मात्र अमेरिकन टीव्हीशी जुळणारं, ६० चं. १९८७ मध्ये व्हीजीए आलं. त्याची ६४० बाय ४८० ची चित्रपद्धत ६० ची होती आणि तीच जगभर पायाभूत ठरली. भिंतीत ५०, डोक्यावरची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकणारी, आणि समोर अमेरिकेच्या विजेचा ६०. कुणी आपल्याला विचारून ठरवलं नव्हतं.

आता जरा संगीताच्या गल्लीत जाऊन येऊ. विषय सोडत नाहीये.

६० वरून ७५ वर जाणं म्हणजे ४ ला ५ हे प्रमाण. संगीताच्या जुन्या पुस्तकांत सा २४० कंपनांचा धरला की शुद्ध गंधार ३०० चा येतो. तेच ४ ला ५. म्हणजे मॉनिटर ६० वरून ७५ ला नेणारा पोरगा त्याला सा वरून ग वर चढवत असतो. ७२ ला थांबला तर कोमल गंधार, ९० ला पंचम आणि १२० ला तार षड्ज. हा केवळ आकड्यांचा खेळ आहे हे मला कळतं, पण मिरजेतल्या माणसाला तो दिसल्यावर सुटका नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कुणी न छेडताच गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचं ते कंपन असतं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले आणि १९३७ मध्ये मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांची माती झाली, त्या गावात हा गंधार नाक्यावरच्या गप्पांतही निघतो.

खाँसाहेबांना घेऊन कंपनांचा हिशोब करणारा माणूसही आमच्याच बाजूचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. खाँसाहेबांच्या गळ्यातून निघणारे स्वर नेमके कोणत्या प्रमाणात बसतात याचा त्यांनी पाठपुरावा केला आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. बॉम्बे इलाख्यातल्या क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस न्यायाधीशाने तेच काम पुढे नेलं. त्यांच्या श्रुतींच्या गणिताबद्दल पुढे बरीच भांडणं झाली, ती इथे नकोत. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच की ‘कानाला बरोबर वाटतं’ आणि ‘सेकंदाला अमुक कंपनं’ या दोन गोष्टी एकमेकींसमोर आणून बसवायचा हट्ट इथे शंभर वर्षांपूर्वी झाला होता.

आणि त्याच्याही आधीपासून सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब वाद्यांकडे वळले, आणि लढाया संपल्यामुळे रिकामे झालेले हात भोपळा, लाकूड आणि तारा यांत गुंतले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बातम्यांत कारागिरीचं कौतुक झालं. तारेच्या मर्यादेबद्दल कुणी बोललं नाही, पण ओव्हरक्लॉकचा सगळा धडा तिथे आहे.

तार एक गंधार वर चढवायची, म्हणजे कंपनं सव्वापट करायची, तर ताण सव्वापटीने वाढवून भागत नाही. ताण वर्गाच्या हिशोबाने वाढतो: सव्वा गुणिले सव्वा, म्हणजे दीडपटीच्याही वर, ५६ टक्के जास्त. तार षड्जाला न्यायची तर चौपट. यातली आणखी एक गोष्ट बहुतेकांना खोटी वाटते. तार कोणत्या स्वराला तुटेल हे तिच्या जाडीवर ठरत नाही. जाड तार जास्त ताण सोसते खरी, पण तिचं वजनही त्याच प्रमाणात जास्त असतं, त्यामुळे त्याच स्वराला यायला तिला ताणही तितकाच जास्त लागतो. धातू तोच, लांबी तीच, तर तुटण्याचा स्वर जवळपास तोच. म्हणजे तारेच्या पाकिटावर काहीही छापलं असलं तरी खरी हद्द धातूत आणि लांबीत असते. पाकिटावरचा आकडा हा विकणाऱ्याचा शब्द: इथपर्यंत तुटली तर मी जबाबदार. तो शब्द आणि ती हद्द यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. खुंटी पिळणारा माणूस त्या जागेतच काम करत असतो.

सिनेमावाल्यांनाही ही मोकळी जागा ठाऊक होती. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या काळात फिल्म हाताने दांडा फिरवून उतरवायची आणि पडद्यावर दाखवताना वेग ऑपरेटरच्या हातात असायचा. खेळ लवकर संपवायचा असेल तर जरा जोरात फिरवायची. बोलपट आला आणि हे थांबलं, कारण फिल्मच्या कडेला आवाज छापलेला. २४ चित्रांची फिल्म ३० ने चालवली की नायिका बरोबर एक गंधार वर चढून बोलणार. २४ चा आकडा डोळ्याने पक्का केला नाही, कानाने केला. डोळ्यासाठी २४ कमीच पडतात, लुकलुक दिसते. म्हणून प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती ठेवायचे आणि तेच चित्र दोनदा-तीनदा दाखवायचे. सेकंदाला चित्रं २४ च, उजेडाचे झोत ४८ किंवा ७२.

आपल्या घरातही एक गुपचूप ओव्हरक्लॉक वर्षानुवर्षं चालू होतं. पाल पद्धतीच्या देशांत २४ चा चित्रपट टीव्हीवर दाखवताना तो सर्रास २५ ने पळवत. अडीच तासांचा सिनेमा २ तास २४ मिनिटांत संपायचा आणि सगळे आवाज चार टक्के वर जायचे. हे २५ ला २४ चं प्रमाणही श्रुतींच्या गणितात भेटतं: १६/१५ चा रिषभ आणि १०/९ चा रिषभ यांच्यात नेमकं तेवढंच अंतर आहे. एका श्रुतीने चढलेली गाणी ऐकत एक पिढी मोठी झाली आणि कुणाची तक्रार नव्हती.

डोळ्यांची मात्र तक्रार होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मिरजेत एका डीटीपी सेंटरात ऑपरेटर होतो. लग्नपत्रिका, जाहिरातीची पत्रकं, सोसायट्यांचे अहवाल. पेजमेकर आणि श्रीलिपी. समोर १५ इंची काचेचा मॉनिटर, पाठीला केवढं तरी कुबड असलेला. तो आजच्या पडद्यांसारखा नव्हता. त्याच्या आत एक इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली धावायचा आणि काचेच्या आतलं फॉस्फर क्षणभर पेटवायचा. झोत पुढे गेला की ठिपका विझायला लागलाच. सेकंदाला ६० वेळा अख्खा पडदा पेटायचा आणि विझायचा. सरळ बघितलं तर पटकन कळायचं नाही, पण मान वळवून शेजारच्या टेबलाकडे बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यातून आपलाच पडदा थरथरताना दिसायचा. डोळ्याची कड लुकलुक जास्त टिपते. सीझनला दिवसाचे दहा-दहा तास ते बघायचं. संध्याकाळी भुवयांच्या वर ठणका. माझ्यासोबत एक ऑपरेटर होती, तिच्या डोळ्यांतून चारच्या सुमारास पाणी यायला लागायचं. ती म्हणायची उन्हाने येतं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती.

हे आमच्या दोघांचं नाजूकपण नव्हतं. मॉनिटरच्या मापदंडांचं बघणारी व्हेसा ही संस्था लुकलुक थांबावी म्हणून आकडा टप्प्याटप्प्याने वर नेत होती. ७२, मग ७५, मग ८५. स्वीडनच्या कामगार संघटनांच्या टीसीओ या मानांकनाने १९९९ च्या आवृत्तीत ८५ चीच अट घातली. म्हणजे हा आकडा वर नेणं हा गेमचा विषय होण्याआधी पगारावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा विषय होता. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं आणि वाचल्यावर राग आला, कारण आमच्या सेंटरातल्या त्याच मॉनिटरमध्ये ८५ होता. कुणी चालू केला नव्हता इतकंच. विंडोज बसवताना जो ६० पडायचा तो पडायचा.

तो ८५ आम्हाला सापडला तो एका दुपारी सेटिंगमध्ये भटकताना, आणि त्यासोबत त्याची किंमतही कळली. काचेच्या मॉनिटरची खरी हद्द सेकंदाला किती पडदे ही नसते. सेकंदाला किती रेषा, ही असते. आमच्या मॉनिटरच्या पुस्तिकेत ५४ किलोहर्ट्‌झ लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला ५४ हजार आडव्या रेषा. ८०० बाय ६०० च्या पडद्याला वरखालची न दिसणारी जागा धरून ६३१ रेषा लागतात. गुणिले ८५, म्हणजे साधारण ५३,७००. बसतं. १०२४ बाय ७६८ ला ८५ हवे तर रेषा ६८,७०० होतात. नाही बसत. ७५ हवे तरी ६०,०००. तेही नाही. मोठ्या पडद्यावर ६० च मिळणार, ४८,४०० रेषांत.

म्हणजे निवड अशी: पत्रिकेचं अख्खं पान एका नजरेत हवं तर डोळे द्या, डोळे हवेत तर पान तुकड्यातुकड्याने बघा. मालकांना अर्थातच अख्खं पान हवं होतं, गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहून बघायचं ना. आम्ही टायपिंग ८०० वर ८५ ने करायचो आणि पान लावायच्या वेळी १०२४ वर जायचो. दिवसातून दहा वेळा हा बदल. ठणका पूर्ण गेला नाही, निम्म्यावर आला. तिच्या डोळ्यांचं पाणी मात्र थांबलं.

५४ च्या पुढे का गेलो नाही? विंडोजमध्ये एक चौकोन असायचा: या मॉनिटरला न झेपणारे पर्याय लपवून ठेवा. त्याची टिकमार्क काढली की सगळे आकडे मोकळे व्हायचे, आणि सोबत स्पष्ट इशारा असायचा की यंत्राला इजा होऊ शकते. काचेच्या मॉनिटरच्या बाबतीत तो इशारा पोकळ नव्हता. झोत आडवा फिरवणारी गुंडाळी आणि तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर एका ठराविक चालीसाठी बनलेले असतात. आयबीएमच्या पहिल्या हिरव्या मॉनिटरला भलत्याच चालीचा सिग्नल दिला तर तो खरोखर बिघडू शकायचा. लिनक्सवाले स्वतःच्या हाताने हे आकडे फाइलमध्ये लिहायचे आणि त्यांनाही हीच ताकीद असायची. नंतरचे मॉनिटर शहाणे झाले, झेपणार नाही असं दिसलं की पडदा काळा करून ‘रेंजबाहेर’ अशी पाटी लावायचे. पण त्या मॉनिटरची किंमत माझ्या कितीतरी पगारांइतकी होती. दुसऱ्याच्या तंबोऱ्याची खुंटी कुणी जोरात पिळत नाही.

मग सपाट पडदे आले, आणि लुकलुकीचा प्रश्न एका फटक्यात मिटला. एलसीडीच्या मागचा दिवा सतत पेटलेला असतो, झोत वगैरे काही नाही, ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत तसाच राहतो. ६० वरही डोळे ठणकत नाहीत. त्यामुळे ८५ ची मागणीच संपली आणि कारखान्यांनी निवांतपणे सगळं जग पुन्हा ६० वर आणून ठेवलं. त्याआधीच, १९९४ मध्ये, व्हेसाने मॉनिटरच्या पोटात एक छोटी स्मृती ठेवायची पद्धत घालून दिली होती. तिला ईडीआयडी म्हणतात. वायर जोडली की मॉनिटर कॉम्प्युटरला सांगतो: मी कोण, माझी हद्द किती. ही सोय चांगली होती, कुणालाच हिशोब करायला लागेना. पण हद्द आता लोखंडात नव्हे, चिठ्ठीत लिहिलेली राहिली आणि कॉम्प्युटर चिठ्ठीवर विश्वास ठेवायला लागला.

ती चिठ्ठी किती सैल असू शकते हे २०१२ च्या आसपास उघडं पडलं. कोरियातून यामाकासी कॅटलीपसारखे स्वस्त २७ इंची मॉनिटर जगभर पार्सलने जात होते. आत एलजीचं पॅनल, ॲपलच्या महाग डिस्प्लेत असतं त्याच जातीचं. बाकी इलेक्ट्रॉनिक्स इतकं कमी की सिग्नल आणि पॅनल यांच्यामध्ये अडवणारं फारसं कुणीच नव्हतं. खोक्यावर ६०. लोकांनी थोडं थोडं वाढवत नेलं आणि त्यातले काही मॉनिटर १२० पर्यंत गेले. बरोबर एक सप्तक. सगळे गेले नाहीत. आतला सर्किट बोर्ड कोणत्या खेपेचा यावर ते ठरायचं, आणि ते बाहेरून ओळखता यायचं नाही. कारखान्यांनी यातून धडा घेतला तो असा: २०१५ मध्ये एसरने आपल्या प्रीडेटर एक्स३४ च्या मेनूतच ओव्हरक्लॉकचं बटण दिलं, ६० वरून १०० पर्यंत. म्हणजे चोरवाटेलाच टोलनाका बसला.

एवढं सगळं मला पुन्हा उकरून काढावं लागलं ते भाच्यामुळे. तो बारावीत आहे, व्हिडिओ एडिटिंग शिकतो, आणि त्याच्या बापाने एका बंद पडलेल्या ऑफिसच्या सामानातून त्याला २२ इंची फुल एचडी मॉनिटर आणून दिला. ६० चा. मित्रांकडे १४४ चे. गेल्या दिवाळीत त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, “मामा, ह्याला पंच्याहत्तर दिलं तर जळंल काय ओ?”

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकलो नाही. दुसरा मॉनिटर येणार नव्हता. मी त्याला म्हटलं, जळायची भीती काचेच्या जमान्यातली, सपाट पडदा बहुधा काळा होईल आणि परत येईल. वॉरंटी असती तर आधी तिचा कागद वाचायला लावला असता, इथे वॉरंटीच नव्हती. पण ‘बहुधा’ या शब्दाची जबाबदारी घ्यायची तर हद्द कुठे कुठे आहे ते आधी बघू.

एक हद्द वायरीची. फुल एचडीला ६० वर सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके पाठवावे लागतात, न दिसणाऱ्या कडा धरून. ७५ वर साडेअठरा कोटी. जुन्या साध्या डीव्हीआय वायरीची मर्यादा साडेसोळा कोटींची, तिथे अडलं असतं. याच्याकडे एचडीएमआय होती. दुसरी हद्द पॅनलची, आणि ती मला जास्त आवडते कारण ती तारेसारखी आहे. पडद्याची एकेक ओळ आळीपाळीने ‘भरली’ जाते. प्रत्येक ठिपका म्हणजे विजेची चिमुकली घागर. ६० वर एका ओळीला सेकंदाचे १४.८ दशलक्षांश भाग इतका वेळ मिळतो, ७५ वर ११.९. तेवढ्यात घागर नीट भरली नाही तर रंग थोडा उतरतो, करड्या छटा बिघडतात. काही तुटत नाही, बेसूर होतं. तिसरी हद्द मधल्या चिपची. ती कधी कधी लबाडी करते: ७५ चित्रं घेते, पडद्यावर ६० च दाखवते आणि उरलेली गिळते. मेनूत मात्र ७५ लिहून येतं.

म्हणून ‘दिसतंय की’ हा पुरावा धरायचा नाही, हे मी त्याला बजावलं. परीक्षा अशी असते. पडद्यावर चौकोनांची रांग काढायची आणि प्रत्येक नव्या चित्राला पुढचा एकच चौकोन उजळेल असं करायचं. मग मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये एक दशांश सेकंदाचा फोटो घ्यायचा. ७५ वर त्या वेळात सात-आठ चौकोन सलग उजळलेले दिसले पाहिजेत. मध्ये एखादा काळा राहिला की समजायचं, चित्र गिळलंय.

ग्राफिक कार्डाच्या सेटिंगमध्ये नवा आकडा घातला की विंडोज पंधरा सेकंद थांबतं. हो म्हटलं नाही तर मुकाट्याने जुन्यावर परत. ही पंधरा सेकंदांची सोय ज्याने काढली त्याला माझा नमस्कार. आम्ही ६२ पासून एकेक करत चढलो. ६५, ६८, ७०. प्रत्येक टप्प्याला फोटो, आणि करड्या रंगाच्या पट्ट्यांचं एक चित्र उघडून छटा बघायच्या. ७२ ला सगळं ठीक. ७५ ला ठीक, फक्त सगळ्यात गडद दोन पट्ट्या एकमेकींत जराशा मिसळल्यासारख्या. ७६ ला चित्र छान दिसत होतं, पोरगा खूश, आणि फोटोत पाचवा चौकोन काळा. ७७ ला पडदा गेला, ‘रेंजबाहेर’. पंधरा सेकंद कुणी बोललं नाही. पंखा बंद असल्याने घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग चित्र परत आलं.

७५ वर ठेवलं. तासभर चालू ठेवून, मागे हात लावून, पुन्हा फोटो काढून मगच.

फायदा किती? एक चित्र आधी १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहायचं, आता १३.३. सव्वातीन-साडेतीन मिलिसेकंदांची कमाई. वेगाने सरकणाऱ्या गोष्टींची पुसटता तेवढ्याच प्रमाणात कमी होते. भाच्याला माउस हलवताना फरक ‘लगेच’ कळला. माझ्या बहिणीला काहीच कळला नाही आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं. १४४ च्या मित्रांशी बरोबरी तर झाली नाहीच. तरीही मला हा उद्योग वाया गेला असं वाटत नाही, कारण त्या मॉनिटरचा खरा आकडा आता घरात कुणाला तरी माहीत आहे, आणि तो खोक्यावरचा नाही.

रात्री सगळ्यांनी मिळून त्याच पडद्यावर एक जुना मराठी चित्रपट लावायचं ठरवलं. मी भाच्याला म्हटलं, सिनेमासाठी ७२ कर. ७५ ला २४ ने भाग जात नाही, सेकंदातून तीनदा एखादं चित्र जास्त रेंगाळतं आणि कॅमेरा आडवा फिरला की धक्के दिसतात. ६० वर तर एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं लंगडतच चालतं. ७२ वर प्रत्येक चित्र बरोबर तीनदा, तीन पात्यांच्या शटरसारखं. त्याने आकडा बदलायच्या आधी सवयीने फाइलची माहिती उघडली. तिथे २४ नव्हते. २५ होते. कुठल्यातरी टीव्हीच्या टेपवरून उतरवलेली प्रत असणार.

म्हणजे ७५ च बरोबर होता, तीन गुणिले पंचवीस. बदलायला काहीच लागलं नाही. सिनेमा सुरू झाला, कॅमेरा नदीवरून आडवा सरकला तो एकही धक्का न देता, आणि पहिलं गाणं लागलं ते मूळ पट्टीपेक्षा एका श्रुतीने वर.